चार पायऱ्यांची फत्ते

हकीकत ऐसी जे, घरच्या सरकारांनी, म्हणजे मास्तरांच्या कुटुंबाने, उजव्या गुडघ्याने बंड पुकारल्यामुळे जातीने स्वारीस जाता येत नाही हे जाणून फर्मान काढले की, राजधानीस जे जे घडेल ते ते आरंभापासून अखेरपर्यंत सांगावे, चार फोटो दाखवून वाटेला लावू नये, आणि जेथे फजिती जाहली तेथे ती गिळू नये. त्या फर्मानास अनुसरून ही हकीकत सादर केली आहे. हीत पदरचे तिखटमीठ लावलेले नाही. कोठे लागले असल्यास ते व्याह्यांनी लावलेले आहे, चवीवरून ओळखून घ्यावे.

मास्तर म्हणजे पंचेचाळीस वर्षे कात्री चालवलेले शिंपी. त्यांचा लौकिक असा की, गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर चढेपर्यंत त्याची छाती, कंबर आणि उंची मास्तरांच्या डोळ्यांत उतरलेली असे, आणि माप घेणे हा मग नुसता शिष्टाचार. गळ्यातील टेप ते झोपतानाच काढीत. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही तो आहे. परंतु दुकानाचे राज्य पहिल्या दिवसापासून दोन सुभ्यांत वाटलेले होते. कात्री आणि मशीन मास्तरांकडे, आणि सुई सरकारांकडे; म्हणजे काज, बटण, हातशिलाई, जे जे बोटांनी करायचे ते सारे त्यांचे. चाळीस वर्षांत मास्तरांनी सुई हाती धरली नाही आणि सरकारांनी कात्रीस बोट लावले नाही. नवराबायकोंत इतका पाळला गेलेला तह दुसरा नसेल.

ऐशा घरची नात चार वर्षांमागे राजधानीस विद्यापीठात संगणकविद्या शिकावयास गेली, आणि यंदा पदवी पदरात पडण्याचा दिवस मुक्रर जाहला. पदवीदान सकाळी अकरास, अकरास सभागृहाचे दरवाजे बंद, आणि प्रत्येक घरास पास दोनच. मुलाची पाळी कारखान्यात आणि सुनेची इस्पितळात. मग सुनेने निवाडा केला : “आम्ही दोघं फोनवर बघू. तुम्ही दोघे म्हातारे जा, तुम्हाला फोनवर काही दिसत नाही.” दुसरे म्हातारे म्हणजे तिचे वडील, मास्तरांचे व्याही, निवृत्त पोस्टमन. हे तीस वर्षांपूर्वी राजधानीत सहा महिने बदलीवर होते, आणि तेवढ्या भांडवलावर आजतागायत राजधानीचे जाणकार म्हणून मिरवीत.

सर्व सिद्धता जाहली, आणि निघण्याच्या आदल्या सायंकाळी नातीचा फोन आला तो अपशकुनी. विद्यापीठाचे काळे झगे भाड्याने मिळतात ते एकाच मापाचे, सहा फुटी पुरुषाच्या अंगचे, आणि नात चार फूट दहा इंच. रंगीत तालमीत मंचाच्या चार पायऱ्या चढताना तिसऱ्या पायरीवर झगा पायात आला आणि ती सर्वांदेखत आडवी जाहली, आणि तो देखावा पोरांनी फोनांत टिपून राजधानीभर फिरवला. झगा हाताने उचलून धरावा, तर एका हाताने पदवी घ्यावयाची, दुसरा हात कुलगुरूंच्या हाती द्यावयाचा, आणि तिसरा हात देवाने कोणास दिलेला नाही.

“आबा, तुम्ही या,” ती म्हणाली, “पण मी स्टेजवर नाही जाणार. खालीच बसेन. पदवी काय, नंतर खिडकीवरसुद्धा मिळते.”

हे ऐकून मास्तरांच्या अंगाचा तिळपापड जाहला. घराण्यात पहिली पदवी, आणि ती खिडकीवरून घ्यावी ती केवळ कोणा बेअक्कल शिंप्याने झगा पायघोळ शिवला म्हणून! मास्तरांनी तत्काळ प्रतिज्ञा केली की नात चारही पायऱ्या चढेल आणि आपण ते डोळ्यांनी पाहू, आणि फळीवरील मोठी कात्री काढून परजली. तेव्हा सरकारांनी त्यांच्या कोटाच्या कॉलरखाली एक सुई खोवली, तिच्याभोवती काळा दोरा गुंडाळलेला.

“तिथं रस्तेसुद्धा यंत्रं झाडतात,” मास्तर म्हणाले. “सुई कशाला?”

“असू दे. सुई काही जेवायला मागत नाही.”

मग पहाटेच्या बसने कूच जाहले, आणि मजल दरमजल करीत आठाच्या सुमारास स्वारी राजधानीच्या वेशीवर दाखल जाहली. राजधानीचे वर्णन काय करावे! वाढत्या अंगाचे मूल, सकाळी शिवलेले संध्याकाळी तोकडे, तैसे ते शहर. ज्याने त्याचे माप घेतले त्याने शिवणीत माया, म्हणजे आत दुमडायचे जास्तीचे कापड, ठेवली नव्हती, म्हणून जागोजागी उसवून रस्ते बाहेर आले होते, आणि त्यांवर काचेच्या इमारती ठिगळासारख्या लावल्या होत्या. फोनातील बाई म्हणे उजवीकडे वळा, आणि उजवीकडे बावीस मजले उभे, जे गेल्या महिन्यात नव्हते. व्याह्यांनी बाईस गप्प केले. “तीस वर्षं पत्ते शोधले मी, ही कालची पोर मला सांगणार? पाण्याची टाकी गाठायची, टाकीसमोर विद्यापीठ. डोळे झाकून चला.”

आणि खरोखर डोळे झाकूनच चालले असावे, कारण टाकी सापडली, आणि टाकीसमोर विद्यापीठही सापडले, परंतु ते दुसरेच. तीस वर्षांत राजधानीने आणखी पाच विद्यापीठे प्रसवली होती आणि प्रत्येकाने आपापली टाकी बांधली होती. हे न कळून उभयतां आत शिरले, तो चार विद्वानांनी त्यांस आदराने खुर्च्या दिल्या, आणि एका काचेसमोर बसवून सांगितले की हे यंत्र चेहरा पाहून वय सांगते, म्हाताऱ्या चेहऱ्यांची आम्हास फार टंचाई आहे. यंत्राने मास्तरांस पाहून बासष्ट सांगितले, जे नऊ वर्षांनी कमी होते. मग व्याह्यांस पाहिले, क्षणभर थांबले, आणि एक्क्याण्णव सांगितले.

“एक्क्याण्णव?” व्याही गरजले. “अरे, मी अजून सायकल चालवतो!”

“यंत्र अजून शिकतंय, काका,” विद्वान म्हणाला.

“मग शिकून झाल्यावर माणसांत आणा ना!”

व्याह्यांनी यंत्रास पुन्हा तोंड दाखवले, टोपी काढून दाखवले, हसून दाखवले; हसल्यावर ब्याण्णव निघाले. या लढाईत पंचवीस मिनिटे खर्ची पडली, आणि मास्तरांनी व्याह्यांस दंडास धरून ओढीत बाहेर काढले. मग फोनातील बाईची माफी मागून तिला पुन्हा बोलते केले, आणि साडेनऊ वाजून दहा मिनिटांनी खऱ्या विद्यापीठाच्या महाद्वाराशी स्वारी येऊन ठेपली.

तेथे पहारेकरी उभा होता. त्याने मास्तरांची पिशवी एका पेटीतून सरकवली, तो पेटीने आक्रोश केला आणि आतली कात्री उघडकीस आली, हातभर लांब.

“हे काय आहे, आजोबा?”

“कात्री. शिंपी आहे मी.”

“आत पदवी वाटतात, कापड नाही. ही इथं राहील.”

मास्तरांनी बहुत रदबदली केली. या कात्रीने तीन पिढ्यांची लग्ने निभावली, हिने कोणाचा नखाएवढा घात केला नाही, इतकेच काय, ही कागदालाही लावत नाही, धार जाते, ऐसे सांगितले. पहारेकरी बधला नाही. तो उद्धट नव्हता, नियमाचा माणूस होता. त्याने पावती फाडून दिली : कात्री मोठी, नग एक, वेळ नऊ बेचाळीस, सायंकाळी परत. ऐशा रीतीने सेनापती पहिल्याच दरवाजात निःशस्त्र जाहले. पावती खिशात घालताना त्यांचा चेहरा असा पडला की यंत्राने पाहिला असता तर एक्क्याण्णव सांगितले असते.

आतून एक विनासारथी गाडी आली, आणि उभयतां तीत बसले, आणि व्याह्यांनी सवयीने रिकाम्या जागेस “चला” म्हटले, आणि गाडी चालली तेव्हा आपल्या हुकुमाने चालली ऐसे मानून वाटभर छाती फुगवली. मास्तर मात्र खिशातील पावती चाचपीत होते. कात्री नाही, मग आपण कोण? गळ्यात टेप अडकवलेला एक म्हातारा.

सभागृहाच्या बगलेस झगे देण्याचे दालन होते आणि तेथे नात उभी होती. काळ्या झग्यात ती उभी नव्हती, झगा तिच्याभोवती सांडला होता. तिने दोघांस वाकून नमस्कार केला, आणि उठताना झग्यावर पाय पडून मास्तरांच्या अंगावर आली.

“बघितलंत? म्हणून म्हणते, मी खालीच बसते.”

भिंतीवर हुकूमनामा लावला होता : झगा कापू नये, फाडू नये, टाचणी लावू नये. कापल्यास मंचावर प्रवेश नाही. मास्तरांनी तो वाचला, आणि झग्याच्या काठाकडे पाहिले, आणि घड्याळाकडे पाहिले. दहा वाजून दहा. हात सवयीने पिशवीत गेला आणि रिकामा बाहेर आला. मग मान खाली घालून ते उभे राहिले, आणि मान खाली जाताच कॉलरखाली काही टोचले.

मास्तरांनी सुई काढली. दोरा उलगडला, तो सुईत आधीच ओवलेला. टोकास गाठही मारलेली. सरकारांना ठाऊक होते की मास्तरांच्या डोळ्यांस सुईचे नेढे दिसत नाही, आणि हेही ठाऊक की ते कबूल करणार नाहीत. मास्तरांनी दोरा हाताने मोजला, तो दोन वाव, म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांच्या दुप्पट, भरला, आणि झग्याचा घेर टेपाने मोजला, तो त्याहून चार बोटे कमी. घरी बसल्या जागी इतके माप सरकारांनी कसे काढले, हे मास्तरांच्या पंचेचाळीस वर्षांच्या विद्येस उलगडले नाही.

“खुर्चीवर उभी राहा,” मास्तर म्हणाले.

“आबा, लोक बघताहेत.”

“बघू दे. काल पडलीस तेव्हा फुकट बघितलंच की.”

मग नात खुर्चीवर चढली, आणि मास्तर गुडघे टेकून जमिनीवर बसले, आणि झग्याचा काठ वीतभर आत दुमडून धावदोरा घालू लागले. कात्रीची सवय असलेली बोटे सुईस जुमानीनात. पहिला टाका वाकडा गेला, दुसरा बोटात गेला, तिसरा झग्यासह नातीच्या सलवारीत गेला आणि उसवावा लागला. व्याही डोक्यावर उभे राहून देखरेख करीत होते.

“व्याही, हा टाका आहे की पॅसेंजर गाडी? मध्ये स्टेशनच नाही.”

“तुम्ही गप्प बसा, एक्क्याण्णव.”

मग मास्तरांनी डोळे मिटले, आणि चाळीस वर्षे दुकानाच्या कोपऱ्यात, मशीनच्या खडखडाटाआड, सरकारांचा हात जसा चालताना पाहिला होता तसा आठवला. तीन टाके सुईवर घ्यायचे, मग ओढायचे, आणि अंगठ्याने सपाट करायचे. आणि हात तसा चालू लागला. बाहेरून टाका दिसेना.

हे पाहून दालनातील आखूड पोरेपोरी झगे सावरीत भोवती जमली, आणि “आजोबा, माझापण”, “आजोबा, मी कालची दुसरी पडलेली” ऐसा गिल्ला उठला. गर्दी पाहताच व्याह्यांचे रक्त उसळले, आणि त्यांनी दोन मिनिटांत सर्वांस रांगेत उभे करून उंचीप्रमाणे नंबर दिले. परंतु सुई एक आणि दोरा एवढाच, तेव्हा त्यांनी मुलींकडून केसांचे रबर मागवले आणि झगे आतून कमरेस आवळून वर ओढून घेण्याची युक्ती जारी केली. काही पोरे त्याने फुगलेल्या उशीसारखी दिसू लागली, परंतु पाय मोकळे जाहले.

इतका कल्लोळ जाहल्यावर बातमी झगेखान्याच्या बाईंस न पोहोचती तरच नवल. त्या आल्या, करड्या कोटातल्या, हातात यादी. खुर्चीवरील नात पाहिली, तिचा आखूड झालेला झगा पाहिला, आणि त्यांच्या कपाळास आठ्यांची चुणी पडली.

“कापला? विद्यापीठाचा झगा कापला? नाव सांग तुझं. तुला स्टेजवर जाता येणार नाही.”

नातीचा रंग उडाला. मास्तर उठू लागले, तो गुडघे उठेनात, म्हणून बसूनच त्यांनी खिशातील पावती वर केली.

“बाई, ही वाचा. कात्री मोठी, नग एक, नऊ बेचाळीस. तुमच्याच माणसानं घेतली. मग मी कापू कशानं? दात असते तर तुम्ही म्हणाला असतात, दातानं कापला. तेही डबीत आहेत.”

बाईंनी पावती वाचली, शिक्का पाहिला. “मग उरलेलं कापड गेलं कुठे?”

“आत आहे. सगळंच्या सगळं आत आहे.”

“दाखवा.”

येथे मोठा पेच पडला. दाखवावे तर उसवावे लागणार, आणि उसवावे तर पुन्हा शिवावे लागणार, आणि घड्याळात दहा एक्केचाळीस. मास्तरांनी क्षणभर विचार केला, आणि अखेरचे टोक धरून वीतभर दोरा ओढून काढला, सुईतूनही निसटू दिला, आणि तेवढ्यापुरता काठ खाली सुटला, पूर्ण लांबीचा, शाबूत, कोठे कापल्याची खूण नाही. बाईंनी वाकून पाहिले. मग आतली बाजू उलटून पाहिली, आणि बोट फिरवून टाके शोधले, आणि बाहेरून त्यांस ते सापडले नाहीत.

“संध्याकाळी उसवून परत मिळेल?”

“एक टोक ओढलं की सगळा दोरा हातात येईल. झग्याला आठवणसुद्धा राहणार नाही.”

“मग आता पुन्हा घाला लवकर. काय बघत बसलात?”

मास्तरांनी सुई डोळ्यांसमोर धरली. नेढे दिसेना. व्याह्यांनी घेतली, पावसात भिजलेले पत्ते वाचणारे त्यांचे डोळे, परंतु त्यांसही दिसेना. नात खुर्चीवर सुटलेला काठ दोन्ही हातांनी धरून अडकलेली. तेव्हा बाईंनी यादी काखेत मारली, चष्मा कपाळावरून खाली ओढला, दोऱ्याचे टोक ओठांत ओले केले आणि एका दमात ओवून सुई मास्तरांच्या हाती दिली. ऐशा रीतीने शत्रूकडील सरदार फितूर जाहला. मग जागेवरच तह ठरला, तो असा : सायंकाळी झगा उसवून परत द्यावा, दुसऱ्या कोणाच्या झग्यास सुई लावू नये, केसांचे रबर बाईंनी पाहिलेले नाहीत, आणि बाईंच्या कोटाचे दुसरे बटण आज तीन दिवस लोंबते आहे, त्याचे मास्तरांनी उरलेल्या दोऱ्यात काहीतरी करावे. पहिले कलम सायंकाळवर राहिले, आणि काठ पुन्हा शिवून बाकीची कलमे तत्काळ अमलात आली. दोरा तोडण्यास कात्री नव्हती, तो नातीने दाताने तोडला.

“चढणार ना?” मास्तरांनी विचारले.

ती खुर्चीवरून उतरली, चार पावले चालली, वळली, पुन्हा चालली. झगा जमिनीस लागत नव्हता.

“चढते,” ती म्हणाली. “पण आबा, पडले तर?”

“तर पदवी घेऊनच पड.”

दहा अठ्ठावन्नास बाईंनी उभयतांस बगलेच्या दरवाजाने आत घेतले, आणि दरवाजे बंद जाहले. मग भाषणे जाहली, ती येथे लिहिण्याजोगी नाहीत. मग नावे पुकारली जाऊ लागली, आणि मुले एकेक करून चढू लागली, आणि एक उशीसारखा मुलगा चढला आणि रबर सुटून तिसऱ्या पायरीवर पुन्हा पायघोळ जाहला, परंतु वाचला. आणि मग नातीचे नाव आले. व्याह्यांनी टाळी अशी वाजवली की पुढील रांगेतील तिघे वळले. मास्तरांनी टाळी वाजवली नाही. ते खुर्चीच्या कडेस आले, आणि झग्याच्या काठावर नजर खिळवली, आणि श्वास रोखला. पहिली पायरी. दुसरी पायरी. तिसरी, येथे काठ जरा डुलला. चौथी. मग मंच, मग टाळ्या, मग काठ डावीकडून उजवीकडे गेला, थांबला, वळला, आणि पलीकडच्या पायऱ्यांनी खाली उतरला, एकसारखा, कोठे झोल नाही. तेव्हा मास्तरांनी श्वास सोडला.

सायंकाळी दोरा ओढून झगा जमा केला, पावती देऊन कात्री सोडवली, आणि परतीच्या वाटेस ही स्वारी लागली. दुसरे दिवशी सरकारांनी गुडघा उशीवर ठेवून दरबार भरवला आणि हकीकत ऐकली. व्याह्यांनी एक्क्याण्णवाचे प्रकरण गाळून पाहिले, ते मास्तरांनी भरून काढले. सरकारांनी सारे ऐकले, आणि मग विचारले :

“पोर वर गेली तेव्हा कशी दिसत होती?”

मास्तरांनी दोन बोटे आडवी धरून दाखवली.

“जमिनीपासून दोन बोटं वर. चारी बाजूंनी सारखी.”

“अहो, झगा नाही. पोर. तोंड कसं होतं?”

“तोंडापर्यंत नजर गेलीच नाही.”

“अरे देवा! एवढ्या लांब जाऊन काठ बघून आलात?”

“काठच तर बघायला गेलो होतो.”

सरकारांनी हात पुढे केला. मास्तरांनी कॉलरखालची सुई काढून त्यांच्या हातावर ठेवली, त्यांनी ती उजेडात धरून पाहिली.

“टाका बाहेरून दिसला नाही ना कुणाला?”

“नाही. झगेखान्याच्या बाईंनी शोधला, तरी नाही.”

“आणि गाठ टिकली?”

“टिकली.”

“मग मी तिथं होतेच की,” सरकार म्हणाल्या, आणि सुई डबीत ठेवून दिली.

येणेप्रमाणे चार पायऱ्या काबीज होऊन फत्ते जाहली. स्वकीयांकडे मनुष्यहानी नाही, बोटास दोन टोचे, एक बटण परकीयांस नजर. कात्री फळीवर पूर्ववत. पदवी भिंतीवर टांगली आहे, तिच्या खिळ्याची उंची मास्तरांनी टेपाने मोजून दिली, आणि या स्वारीचे सेनापतिपद, घराबाहेर पाऊल न टाकताही, सरकारांकडेच होते हा निवाडा दोन्ही व्याह्यांनी एकमताने कबूल केला. वयाच्या आकड्याबाबत व्याह्यांनी त्या दुसऱ्या विद्यापीठाकडे रीतसर पत्र टाकले आहे. पत्ता त्यांनीच लिहिला असल्यामुळे ते कोणत्या विद्यापीठास पोहोचले, हे अद्याप कळलेले नाही.